मधलं पान

पोलिक्सेनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घड्याळ तिच्या घरात नव्हतं. तिच्या आणि माझ्या घराची भिंत एकच होती. पलीकडे काटक्या मोडल्याचा आवाज आला की चार वाजलेले असत. झऱ्यावरून पाण्याचं पिंप पाठीला बांधून आणायचं, शेळीला चारा टाकायचा आणि उजाडायच्या आत चर्चचं दार उघडायचं. तिचा नवरा युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात आमच्या ग्रीक फौजेबरोबर अल्बानियाच्या बर्फात मेला. मूल नव्हतं. चर्चचे दिवे तेव्हापासून तिच्याकडे आले.

दिवे लावायला काय, काडी ओढली की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते काम कधी केलेलं नाही. आमच्या चर्चमध्ये टांगलेले दिवे काचेच्या पेल्यांचे. खाली पाणी, वर तेल, त्यावर बुचाच्या तुकड्यात खोवलेली वात. कालची जळकी वात काढायची, काच राखेने घासायची, तेल गाळून पुन्हा भरायचं. फरशीवर मेण सांडलेलं असतं. आळशी माणूस ते सुरीने खरवडतो आणि दगडावर ओरखडे पाडतो. पोलिक्सेनी त्यावर गरम पाण्याचं फडकं टाकून गुडघ्यांवर बसून राहायची, मेण सुटलं की अख्खं उचलायची. मी जन्मभर गवंडीकाम केलं. दगडाला कोण कसा हात लावतो ते मी पाहतो. तिच्या हाताखालची फरशी आरशासारखी होती. त्या कामाचे तिला वर्षाला थोडे गहू आणि दिव्यांतलं उरलेलं तेल मिळायचं.

पोथीही तिच्याच देखरेखीत होती. वेदीमागच्या कोनाड्यात, लाल कापडात गुंडाळलेली, कुलूपबंद. वेदीच्या आत बाईने जायचं नसतं, पण झाडणार कोण? म्हणून म्हाताऱ्या पाद्रींनी, पापा-स्तेर्योंनी, तिला मुभा दिली होती आणि किल्लीही. पोथी म्हणजे चारही शुभवर्तमानं, कातड्याच्या पानांवर, सगळी मोठ्या अक्षरांत, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली. गावात कोणालाच ती धड वाचता येत नव्हती. वाचायची गरजही नव्हती. कुरणाच्या हद्दीवरून भांडण झालं की तिच्यावर हात ठेवून शपथ व्हायची. ताप उतरेना की ती आजाऱ्याच्या डोक्यावर टेकवायचे. आणि स्वर्गारोहणाच्या सणाला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, पापा-स्तेर्यो ती हातात उघडी धरून त्या सकाळचा उतारा वाचायचे. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट. येशू थडग्यातून उठल्यावर आपल्या माणसांना भेटतो, त्यांना जगभर धाडतो आणि वर जातो.

वाचायचे असं आम्ही म्हणायचो. शेवटची कित्येक वर्षं पापा-स्तेर्योंना हाताचं चुंबन कोण घेतंय हेही दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखायचे. त्यांचा हात धरून त्यांना वेदीपासून दारापर्यंत आणावं लागायचं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि तरीही तो आंधळा माणूस पोथीतून वाचतो यावर सगळ्या गावाचा विश्वास होता.

ते वारले आणि पापा-अर्गीरिस आले. तरुण, यानिना शहरातल्या धर्मविद्यालयात शिकलेले, दाढी नीट विंचरलेली. जुनी अक्षरं त्यांना थोडी लागत. पहिल्याच जत्रेला त्यांनी ठरवलं की छापील पुस्तक नको, पोथीच वाचायची. गवंड्यांच्या टोळ्या सणाला गावी आलेल्या, चर्च दारापर्यंत भरलेलं. मी डाव्या खांबाजवळ उभा होतो.

पापा-अर्गीरिसांनी मार्कची अखेर काढली. स्त्रिया थडग्यापाशी येतात, थडगं रिकामं पाहतात, पळत सुटतात, आणि भ्यालेल्या असतात म्हणून कोणाला काही सांगत नाहीत. एवढ्यावर लिखाण थांबलं होतं. त्या सकाळचा उतारा याच्या पुढचा. त्यांनी पान उलटलं. पलीकडे पुढचं शुभवर्तमान, लूकचं, सुरू झालेलं. परत मागे आले, परत पुढे गेले. त्यांचे कान लाल झालेले मला खांबापासून दिसत होते. मग त्यांनी पोथी मिटली आणि भरल्या चर्चमध्ये विचारलं, “मधलं पान कुठे आहे?”

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, किल्ली कोणाकडे असते. तो प्रश्न ऐकून सगळ्या माना एकदम वळल्या.

सरपंच झिकोस पुढे आले. त्यांनी मोठ्याने सांगितलं की हा उतारा आपण सगळ्यांनी दर वर्षी याच पोथीतून, पापा-स्तेर्योंच्या तोंडून, स्वतःच्या कानांनी ऐकलाय. म्हणजे पान होतं आणि आता नाही. हे इतकं सरळ वाटलं की लोकांनी माना हलवल्या. मग मागून एका बाईने विचारलं की पोलिक्सेनीने वसंतात दुसरी शेळी घेतली ती कशातून. जुनी तांब्याची भांडी आणि देवचित्रं विकत घेणारा एक व्यापारी हिवाळ्यात गावातून गेला होता, तेही कोणाला तरी आठवलं. दगड कमी पडला की गवंडी भरीला खडी घालतो. तशी ती शेळी आणि तो व्यापारी घातला आणि भिंत उभी राहिली.

शेळी तिने लोकर कातून घेतली होती. अख्खा हिवाळा चातीचा आवाज मी भिंतीतून ऐकला होता. मी तसं ओरडून सांगितलं. झिकोस म्हणाले, “थोमा, तू दगडाचं बघ.” लोक हसले.

पापा-अर्गीरिसांनी पोथी पुढे धरली आणि तिला शपथ घ्यायला सांगितलं. शपथ घेतली की प्रकरण मिटेल, असंही म्हणाले.

पोलिक्सेनी बायकांच्या बाजूने चालत मधे आली. ओढणी हनुवटीखाली घट्ट बांधलेली, हात पोटावर. तिने पोथीला हात लावला नाही.

“मला चोर कोण म्हणतंय?” तिने विचारलं. “त्याने आधी हात ठेवावा. पान पाहिलं होतं म्हणून शपथ घ्यावी. मग मी घेते.”

कोणी हात ठेवला नाही. पाहिलं कोणीच नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. पण गावाने हिशेब असा लावला की निर्दोष माणूस शपथेला घाबरत नाही. पापा-अर्गीरिसांनी किल्ली मागितली. तिने ती कमरेची सोडली आणि त्यांच्या पसरलेल्या हातात न देता फरशीवर ठेवली. तिनेच घासलेल्या फरशीवर. मग ती बाहेर पडली.

त्यानंतर चर्चचे दिवे झिकोसची सून लावू लागली. महिनाभरात काचा काळ्या झाल्या. ते कोणाला दिसलं नाही.

पोलिक्सेनीचं चीज कोणी घेईना. झऱ्यावर ती आली की बायका आपलं पिंप अर्धं भरलेलं असलं तरी उचलून निघायच्या. दोन्ही शेळ्या तिने विकल्या, कारण त्या दिसल्या की पोरं ‘पान, पान’ ओरडायची. त्याच सुमारास सरकारने दरीतून वर रस्ता काढायला घेतला आणि ती रस्त्यावर मजुरीला लागली.

रस्त्याचं काम काय असतं ते मी सांगतो, कारण पुढे त्या रस्त्याच्या कठड्यांवर मीही होतो. ओढ्यातला दगड वर आणायचा. पाठीवर गवताची गादी, दोर छातीवरून आडवा, आणि चढ असा की पुढच्याची टाच तुमच्या कपाळासमोर. वर पोचल्यावर गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून दगड उतरवायचा. वाकून टाकलात तर कणा जातो. मग बसून हातोडीने खडी फोडायची. खडी मुठीएवढीच हवी. मोठी राहिली तर मुकादम ढीग लाथेने उधळायचा. पोलिक्सेनीचा ढीग कधी उधळला गेला नाही. बायकांना पुरुषांच्या निम्मी मजुरी होती. दगड मात्र निम्मा नव्हता. तिने एकदा मुकादमाला विचारलं की निम्म्या मजुरीत दगड अर्ध्या वाटेवर ठेवला तर चालेल का. मुकादम हसला आणि मजुरी तेवढीच राहिली.

ती पन्नाशीला आली होती. पहाटे चारला काटक्या मोडायचा आवाज तसाच यायचा. आता ती चर्चकडे न वळता दरीत उतरायची. मिळालेले पैसे खर्च करताना तिला कोणी पाहिलं नाही. दर वसंतात कळप घेऊन वर जाणाऱ्या मेंढपाळांच्या बायका तिच्याकडून कातलेली लोकर घ्यायच्या, त्यावर ती जगायची. लोक म्हणायचे, पानाचे पैसे दडवतेय.

रस्ता झाला आणि रस्त्याने पहिली मोटार आली ती एका प्राध्यापकांची. थेसालोनिकीहून आलेले. वालावानिस त्यांचं नाव; बारीक, खोकणारा माणूस. गावोगावच्या जुन्या पोथ्यांचे फोटो काढायचे, एवढंच काम घेऊन ते फिरत होते. त्यांच्या कॅमेऱ्याला न हलणारी बैठक हवी होती म्हणून मला बोलावलं. मी फळ्या ठोकून, पाणसळ लावून दिली. चर्चमध्ये पापा-अर्गीरिस होते, झिकोस होते, आणि झिकोसची सून दाराशी कॉफीचा ट्रे घेऊन.

दुपारपर्यंत प्राध्यापक एकेक पान उलटत, दिवा तिरका धरत, फोटो काढत गेले. मार्कच्या अखेरीला आले आणि थांबले. रकाना अर्ध्यावर संपला होता, खाली बोटभर नक्षी, बाकी कोरं. त्यांनी ते पान उलटलं, लूकची सुरुवात पाहिली, परत मागे आले. पापा-अर्गीरिसांनी त्या दिवशी केलं तेच त्यांनी केलं. मग ते खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.

झिकोस घाईने म्हणाले की हो, इथलं मधलं पान गेलंय, गावातल्याच एका बाईने विकलं, आम्हाला त्याची लाज वाटते.

“कशाच्या मधलं?” प्राध्यापकांनी विचारलं.

झिकोसनी बोटाने दाखवलं. मार्कच्या आणि लूकच्या मधलं.

प्राध्यापकांनी ते पान दोन बोटांत उभं धरलं. एका बाजूला मार्क संपत होता. दुसऱ्या बाजूला लूक सुरू होत होता. एकच कातडं. “यांच्या मधे काय मावणार?” ते म्हणाले. “हे पान सोलायचं का?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. मार्कचं शुभवर्तमान जगातल्या सगळ्यांत जुन्या अखंड पोथ्यांत असंच संपतं: बायका भ्यालेल्या, कोणाला काही न सांगता पळून गेलेल्या. पुढचा भाग, येशूच्या भेटी आणि स्वर्गात जाणं, बहुतेक जाणकारांच्या मते नंतरच्या हातांनी जोडलेला आहे. असा उघडा शेवट लोकांना सोसवला नसावा. पुढच्या काळातल्या बहुतेक सगळ्या पोथ्यांत तो भाग असतो आणि चर्चमध्येही वाचतात. ज्यांत तो नाही अशा ग्रीक पोथ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत. आमची त्यांतली एक निघाली होती. या लेखनिकाने समोर जेवढं होतं तेवढंच उतरवलं, पदरचं काही घातलं नाही. म्हणून ही पोथी मोलाची.

मला ते चटकन कळलं. जुन्या भिंतीवर कोणी नंतर थर चढवले की नवख्याला एकच भिंत दिसते. गवंड्याला जोड दिसतो. जुनी भिंत कुठवर होती हे एखाद्या न वाढवलेल्या तुकड्यावरून कळतं, आणि तो तुकडा पाडायचा नसतो.

त्या लेखनिकाने पदरचं काही घातलं नव्हतं. ते काम आमच्या गावाने केलं. कधीच नसलेलं एक पान बनवलं आणि मग त्याला चोरही बनवला. हे मी तिथेच बोललो. झिकोस माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले की कॉफी थंड होतेय.

मला सर्वांत जास्त कशाचा राग येतो ते सांगतो. पान धरून बघायला एक अंगठा आणि एक बोट लागतं. दगड चढवावा लागत नाही, खडी फोडावी लागत नाही. बाईचं नाव घालवायच्या आधी गावाला एवढे कष्ट झाले नाहीत.

प्राध्यापकांनी लेख छापला. मग आणखी मोटारी आल्या. झिकोसनी रस्त्याच्या फाट्यावर पाटी लावली. पाहुण्यांना स्वतः चर्चमध्ये नेऊन ते पान दोन बोटांत उभं धरून दाखवू लागले, अगदी प्राध्यापकांसारखं, आणि म्हणू लागले, “अडाणी लोकांना वाटायचं मधलं पान गेलंय.” पोलिक्सेनीचं नाव त्या गोष्टीत नव्हतं.

तिला निरोप गेला की किल्ली परत घे, काचा फार काळ्या झाल्यात. तिने उलट निरोप धाडला: ज्या ठिकाणी चोर म्हणालात त्याच ठिकाणी, तितक्याच लोकांसमोर, नाही म्हणा. मग मी काचांचं बघते.

गाव हुशार. मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे सगळे सगळ्यांची माफी मागतात. रांगेने एकेकापुढे जायचं, वाकायचं, “मला माफ कर” म्हणायचं. समोरच्याने “देव माफ करो” म्हणायचं. नवरा बायकोला, सून सासूला, वैरी वैऱ्याला. कशाबद्दल ते कोणी सांगत नाही, विचारत नाही. गावाने ठरवलं की पोलिक्सेनीचं त्यातच उरकून घ्यायचं. मला वाटलं ती येणार नाही. ती आली, आणि रांगेत बायकांच्या टोकाला उभी राहिली.

झिकोस तिच्यापुढे आले, वाकले, म्हणाले, “मला माफ कर, वहिनी.”

“कशाबद्दल?” तिने विचारलं.

झिकोस गोंधळले. “असं विचारतात का? सगळ्यांना म्हणतो तसं म्हटलं.”

“मग सगळ्यांनाच म्हणा. मला नको.”

मागची रांग अडली. पापा-अर्गीरिस जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोलिक्सेनी, आज भांडायचा दिवस नाही.”

“चोर म्हणालात तोही सणच होता,” ती म्हणाली. ती आवाज चढवून बोलली नाही, पण चर्चमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. ती प्रत्येकाला तेच विचारत राहिली. कशाबद्दल. झऱ्यावरच्या बायका, शेळीचं विचारणारी, झिकोसची सून. एकीनेही सांगितलं नाही. काही रडल्या. रडणं सोपं असतं. रांग संपल्यावर ती घरी आली.

आठवड्याने पापा-अर्गीरिस तिच्या घरी आले, भरदुपारी, गाव झोपलेलं पाहून. मी माझ्या बाजूला चूल लिंपत होतो. त्यांनी आधी तब्येतीचं विचारलं. मग ते म्हणाले की ते पान त्यांनी त्याच आठवड्यात पुन्हा उघडून पाहिलं होतं. एकच कातडं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण नवं गाव, पहिली जत्रा, सगळ्यांसमोर बोलून बसलेले. बिशपांच्या कानावर गेलं असतं. आज करू, उद्या करू, असं राहिलं. मग ते म्हणाले, “मी तुला चोर म्हणालो. ते खोटं होतं. मला माफ कर.”

म्हणजे ती पाठीवर दगड वाहत होती तेव्हा या माणसाला माहीत होतं. रस्त्यावरून जाताना तो तिच्या ढिगाशेजारून गेला होता, आशीर्वादाचा हात करून.

“हे रविवारी चर्चमध्ये बोला,” पोलिक्सेनी म्हणाली.

ते म्हणाले की ते शक्य नाही. लोकांचा पाद्रीवरचा विश्वास उडेल, त्यात गावाचंच नुकसान.

“चोर म्हणताना अख्खं गाव बोलावलंत. आणि माफी भिंतीला सांगायला आलात?” मग तिने खरंच भिंत वाजवली. “थोमा, ऐकलंस ना?”

“शब्द न् शब्द,” मी म्हणालो.

पापा-अर्गीरिस टोपी न घालताच बाहेर पडले.

मी कॉफीच्या दुकानात हे सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. लोक म्हणाले, जुनं कशाला उकरतोस, बाई जिवंत आहे, धडधाकट आहे, तिचं काय गेलं. काय गेलं हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो. पाद्री रविवारी प्रवचन करत राहिले आणि गाव त्यांच्या हाताचं चुंबन घेत राहिलं.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला जमिनीत कायमचं ठेवत नाहीत. जागा थोडी. काही वर्षांनी हाडं उकरतात, वाइनने धुतात आणि चर्चमागच्या खोलीत गावाच्या सगळ्या हाडांत ठेवून देतात. तिथे कोण कुणाचं ते राहत नाही. लग्न करून आलेली बाई नवऱ्याच्या गावच्या हाडांत जाते, असं चालत आलेलं. पोलिक्सेनीचा नवरा तिथे नव्हताच, तो अल्बानियात होता. तिथे झिकोसचे बाप-आजे होते, आणि उद्या झिकोस येणार होते, पापा-अर्गीरिस येणार होते, झऱ्यावरच्या बायका येणार होत्या.

त्या उन्हाळ्यात ती रस्त्याने खाली तिच्या माहेरी गेली. परत आल्यावर तिने मला दारात बोलावलं आणि मोठा दगड किती दिवसांत घडवशील ते विचारलं. माहेरच्या चर्चकडून तिने स्वतःच्या कबरीसाठी कोपऱ्यातली जागा विकत घेतली होती. अट एवढीच की ती कधी उकरायची नाही. तिथल्या पाद्रींना ते पसंत नव्हतं. रस्त्याच्या मजुरीचे साठलेले पैसे पुढे ठेवल्यावर पसंत पडलं.

मी म्हणालो की जागेचे पैसे दिलेस तेवढे पुरेत, दगडाचे घेणार नाही. ती चिडली. निम्म्या मजुरीवर तिने काम केलं होतं, दुसऱ्याकडून फुकट काम करवून घेणार नव्हती. मी पूर्ण मजुरी लावली आणि घेतली. हातभर जाड शिळा घडवली, चारही कोपऱ्यांना लोखंडाचे आकडे घालून खालच्या दगडाशी शिशाने जखडली. पायाकडून तिला आत सरकवायला एक तोंड तेवढं ठेवलं, ते शेवटी बुजवायचं. शिळा उचलायला आता दहा माणसं आणि पहार लागेल, आणि तरी उचलण्याआधी ती फुटेल.

बसवायच्या दिवशी ती आली. शिळेच्या चारही कडांखाली तिने बोट फिरवून पाहिलं. एका कोपऱ्याशी नख जाईल एवढी फट होती. ती माझ्याकडून भरून घेतली, चुना ओढेपर्यंत तिथेच बसून राहिली, आणि मग उरलेली मजुरी माझ्या हातावर ठेवली.